माशांना नावे देणाऱ्यांना पगार कोण देते?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. घरी भातशेती आणि जोडीला छोटे किराणा दुकान आहे. मोठी मुलगी पीयूसी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, तर मुलगा हायस्कुलात शिकतो. मुलीने मलप्रभा नदीतला खरपा मासा घरी आणून काचेच्या टाकीत ठेवला, त्याच्याविषयी वाचायला सुरुवात केली, आणि आता 'गोबी' नावाच्या लहान माशांचे वर्गीकरण करणारी शास्त्रज्ञ होणार, असे ती निक्षून सांगते आहे. नातेवाइकांचा आग्रह बी.फार्म. किंवा नर्सिंगचा आहे. पालक विचारतात, "माशांना नावे देण्याचा पगार कोण देते, आणि तो किती वर्षे शिकल्यावर मिळतो? मुलीचे मन मोडायचे नाही, पण उद्या तिने आम्हाला बोल लावू नये."

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, खुलासा नंतर करतो. केवळ माशांचे वर्गीकरण करण्यासाठी पगार मिळेल अशा जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत, त्या दरवर्षी निघतीलच असे नाही, आणि त्यांच्या भरवशावर घराचा हिशेब मांडता येत नाही. मात्र ज्याच्याकडे मत्स्यविज्ञानाची किंवा प्राणिशास्त्राची रीतसर पदवी आहे आणि शिवाय ज्याला वर्गीकरण उत्तम येते, अशा माणसाला पगार देणाऱ्या जागा त्याहून पुष्कळ अधिक आहेत. आपल्या मुलीच्या शिक्षणाची आखणी हा फरक डोळ्यांसमोर ठेवूनच करावी लागेल.

तिला कशाची ओढ लागली आहे, हे आपणही थोडे जाणून घ्यावे, कारण घरात "ते बारके मासे" एवढाच उल्लेख होत राहिला तर तिच्याशी मोकळेपणाने बोलणे होणार नाही. गोबी आणि त्यांचे जवळचे भाऊबंद मिळून दोन हजारांहून अधिक जाती आज ज्ञात आहेत, आणि माशांच्या सर्वांत मोठ्या समूहांमध्ये त्यांची गणना होते. बहुतेकांची लांबी दहा सेंटिमीटरच्या आत असते. उष्ण कटिबंधातील प्रवाळांवर, खाडीच्या चिखलात, खारफुटीत आणि गोड्या पाण्याच्या ओढ्यांतही ते राहतात. कोकणात ओहोटीच्या चिखलावर उड्या मारत फिरणारी निवटी याच समूहातली आहे, आणि आपला खरपा तर या मंडळींत चांगलाच थोराड ठरतो. याउलट हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहातून १९८१ साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, त्या 'ट्रिमाटॉम नॅनस' या माशाची मादी एक सेंटिमीटरचीही होत नाही तोच अंडी घालण्याइतकी प्रौढ झालेली असते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील 'एव्हिओटा सिगिलाटा' हा गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतक्या अल्प आयुष्याची नोंद तोपर्यंत झालेली नव्हती. काही जातींत मादीचा नर होतो आणि प्रसंगी नराची पुन्हा मादीही होते. काही जाती अधू नजरेच्या कोळंबीबरोबर एकाच बिळात संसार करतात. बीळ उकरण्याचे काम कोळंबीकडे आणि दारावरचा पहारा माशाकडे असतो. हे सारे वाचून कोवळ्या वयाच्या मुलीचे मन गुंतले तर त्यात नवल नाही. परंतु आयुष्यभराचे काम अशा नवलाईवर चालत नाही, आणि म्हणून या शास्त्रज्ञांचा रोजचा दिवस कसा जातो, ते तिला आणि आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

त्यांच्या समोर बहुतेक वेळा अल्कोहोलच्या बाटलीत ठेवलेला, रंग उडालेला मासा असतो. खरप्याचेच उदाहरण घेतो. तो उताणा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची गोल चकती झालेली दिसते. वाहत्या पाण्यात तळाला धरून राहण्यासाठी तिचा उपयोग होतो. पाठीवर दोन स्वतंत्र पर असतात. पहिल्यात साधारणपणे सहा काटे आणि दुसऱ्यात एक काटा व आठ-नऊ मऊ अर, म्हणजे पराला आधार देणाऱ्या लवचीक काड्या, मोजता येतात. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो, आणि तोंड उघडून पाहिले तर जिभेचे टोक दुभंगलेले आढळते. रोहू-कटल्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेषा दिसते, ती गोबीच्या अंगावर नसते. तिच्याऐवजी डोक्यावर सूक्ष्म छिद्रे आणि गालांवर पाण्याची हालचाल टिपणाऱ्या बारीक उंचवट्यांच्या ओळी असतात. या ओळी कोठे सुरू होतात, कोठे तुटतात, आडव्या जातात की उभ्या, यावरून एक जात दुसरीपासून वेगळी ठरते. उंचवटे नीट दिसावेत म्हणून माशाला रंगद्रव्य लावतात, मणके मोजण्यासाठी क्ष-किरण छायाचित्र घेतात, आणि आजकाल डीएनएचा क्रमही पाहतात. मग हीच मोजणी त्या जातीच्या अनेक नमुन्यांवर पुन्हा पुन्हा करतात. तांदळातले खडे वेचणाऱ्या बाईची चिकाटी ज्याच्या अंगी आहे, त्यालाच हे काम झेपते.

मोजणी संपली म्हणजे काम संपले असेही नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होतो. त्यानंतर कोणी, कोणत्या भाषेत, कोणत्या नियतकालिकात त्या माशाचे वर्णन केले आहे, ते शोधून वाचावे लागते आणि ज्या नमुन्यावरून मूळ नाव दिले गेले तो नमुना एखाद्या दूरच्या संग्रहालयातून पाहून ताडावा लागतो. असे कित्येकदा होते की नवीन म्हणून हाती आलेला मासा दीडशे वर्षांपूर्वीच कोणीतरी वर्णन करून ठेवलेला निघतो. नवे नाव देणे हा या व्यवसायातला अगदी छोटा भाग आहे. वृत्तपत्रांत मात्र तेवढाच छापून येतो, आणि मला वाटते, मुलांची कल्पना तेथेच चुकते.

आता पगाराकडे वळतो. आपण विचारलेला प्रश्न नवा नाही, आणि गोबींचा अभ्यास ज्यांनी उभा केला त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या खरप्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या ग्रंथात केले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉक्टर होते. आजच्या इंडोनेशियातील असंख्य मासे ज्यांनी जगापुढे आणले ते पीटर ब्लीकर डच लष्करात डॉक्टर होते. भारतातील माशांवरचा १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेला मोठा ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस डे आधी मद्रासच्या लष्करी सेवेत डॉक्टर होते आणि पुढे ते सरकारी मत्स्यव्यवसायाचे इन्स्पेक्टर जनरल झाले. फिलिपिन्समधील बुही सरोवरात 'सिनारापान' नावाचा इवलासा गोबी लोक पूर्वापार जाळ्याने धरून खातात. त्याचे वर्णन १९०२ साली करणारे ह्यू स्मिथ अमेरिकेच्या मत्स्य आयोगाच्या सेवेत होते. फिलिपिन्समधल्याच, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या 'पंडाका पिग्मिया'चे वर्णन १९२७ साली अल्बर्ट हेर यांनी केले, तेव्हा ते मनिला येथे सरकारी मत्स्य विभागाचे प्रमुख होते. म्हणजे पूर्वी गोबींचे वर्गीकरण बव्हंशी औषधोपचार करणाऱ्यांनी आणि मत्स्य खात्यातील अधिकाऱ्यांनी आपला पगार घेत-घेत केले आहे.

संग्रहालयांनी या कामासाठी माणसे नेमली ती प्रामुख्याने नंतरच्या काळात. टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये रिचर्ड विंटरबॉटम, सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये डग्लस होज आणि ऑस्ट्रेलियातल्याच डार्विन शहरातील संग्रहालयात हेलन लार्सन यांनी आपली कारकीर्द याच माशांवर घालवली. जपानचे निवृत्त सम्राट अकिहितो हेही गोबींचे जाणते अभ्यासक आहेत. युवराज असताना १९६३ साली त्यांनी या माशांच्या खांद्याच्या हाडावर शोधनिबंध लिहिला होता. होज आणि लार्सन यांनी २०१० साली एका जातीला अकिहितो यांचे नाव दिले. मुलीला हा दाखला फार आवडेल. परंतु त्या घरात फीचा प्रश्न नव्हता, एवढे तिला आपणच हसत-हसत सांगावे.

आपल्या देशात हे काम प्रामुख्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था करते. तिची स्थापना १९१६ साली झाली, मुख्यालय कोलकात्याला आहे आणि पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. त्याखेरीज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, जिचे एक केंद्र आपल्याला जवळ असलेल्या कारवारला आहे, आणि लखनौ येथील माशांच्या आनुवंशिक संपदेचे राष्ट्रीय केंद्र, या संस्थांना माशांची ओळख अचूक पटवणारी माणसे लागतात. कोणता मासा किती सापडतो हे सांगायचे, तर आधी तो कोणता आहे हे कळले पाहिजे, हे उघडच आहे. मात्र यांतील बऱ्याच जागा सुरुवातीला प्रकल्पापुरत्या, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या असतात, आणि प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो. ही बाजू आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की मुलीने चार वर्षांच्या बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञान पदवीचा पर्याय पहिला धरावा. मंगळूरचे मत्स्य महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे, देशातले ते अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय आहे, आणि तेथील प्रवेश कर्नाटकाच्या सीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेमार्फत होतात. या पदवीत माशांची ओळख आणि वर्गीकरण हा विषय असतोच. पण त्याबरोबर मत्स्यपालन, रोग, जाळी आणि बोटी, प्रक्रिया असे सगळेच शिकवले जाते. या 'सगळेच'मुळे मुलगी कुरकुर करील. तिला आज फक्त गोबी हवे आहेत. परंतु याच 'सगळेच'मुळे पदवी झाल्यावर तिला राज्याच्या मत्स्य खात्यात, किनाऱ्यावरच्या बीजोत्पादन केंद्रांत व कोळंबी प्रकल्पांत, आणि बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी अर्ज करता येईल. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मत्स्य संपदा व्यवस्थापन हा विषय घेऊन तेथे तिला वर्गीकरणाच्या अगदी जवळ जाता येईल.

मंगळूर हुकले तर दुसरी वाट बेळगावात बी.एस्सी. प्राणिशास्त्र करून कर्नाटक विद्यापीठाच्या कारवार येथील सागरी जीवशास्त्र विभागात एम.एस्सी. करण्याची आहे. ही वाट स्वस्त आहे, घराजवळची आहे आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने कदाचित अधिक थेट आहे, पण बी.एस्सी.नंतर मध्येच थांबावे लागले तर हातात नोकरीची पदवी राहत नाही. रत्नागिरीजवळ शिरगाव येथेही मत्स्य महाविद्यालय आहे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या काही सवलती ठेवल्या आहेत. आपले गाव त्या यादीत आहे का आणि या अभ्यासक्रमाला ती सवलत लागू होते का, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. कोणाच्या तोंडी सांगण्यावर अवलंबून राहू नये.

वर्षांचा हिशेब असा पडतो. पदवीची चार, पदव्युत्तर शिक्षणाची दोन आणि पीएच.डी.ची चार-पाच, म्हणजे पूर्ण शास्त्रज्ञ होईपर्यंत मुलगी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होईल. मात्र ही सगळी वर्षे आपल्याच खिशातून काढायची नसतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि दोन वर्षांनी ती ४२,००० होते. शिवाय बाविसाव्या वर्षी पदवी हाती आल्यावर थांबून नोकरी धरायची की पुढे जायचे, हा निर्णय तेव्हाची परिस्थिती पाहून करता येईल. "मुलीला इतकी वर्षे शिकवायचे का" असे आपल्या पत्रात कोणा नातेवाइकांचे म्हणणे आले आहे. धाकट्या मुलाने हाच हट्ट धरला असता तर हा प्रश्न त्यांनी विचारला असता का, एवढे त्यांना एकदा विचारून पाहावे.

एक गोष्ट मी सीमाभागातील सर्वच मराठी पालकांना सांगतो, ती आपल्यालाही सांगतो. राज्याच्या मत्स्य खात्यात जायचे तर कन्नड नुसते बोलता येऊन भागत नाही, लिहिता-वाचता आले पाहिजे. आणि या शास्त्राचे सगळे लेखन इंग्रजीत चालते. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला दोन्ही जमते, अशी पुष्कळ उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत, पण त्यासाठी पीयूसीनंतरच्या सुट्टीपासूनच बसावे लागते. सीमाप्रश्नाविषयीची आपली मते आपल्या जागी राहू द्यावीत. मुलीच्या कन्नड वाचनाच्या आड ती येऊ नयेत.

तिची आवड टिकाऊ आहे की नाही, हे पाहण्याची एक रीत सुचवतो. परीक्षा संपल्यावर बाजारातून किंवा मासे धरणाऱ्यांकडून मेलेले दहा-बारा खरपे तिला आणून द्यावेत. प्रत्येकाला क्रमांक देऊन लांबी, दोन्ही परांतील काटे आणि अर, अंगावरच्या एका ओळीतले खवले हे तिने भिंगाखाली मोजून वहीत लिहावे, आणि एकाच्या डोक्याचे चित्र काढावे. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचे आकडे झाकून तेच मासे पुन्हा मोजावेत आणि मग दोन्ही रकाने ताडून पाहावेत. आकडे जुळले नाहीत म्हणून ती चिडली तरी हरकत नाही. ते का जुळले नाहीत हे शोधण्यासाठी तिसऱ्यांदा मोजायला बसली, तर तिचा कल खरा आहे असे मी मानीन. वही बाजूला पडली आणि टाकीतल्या जिवंत माशाकडे पाहण्यातच तिला आनंद वाटत राहिला, तर तो छंद आहे. छंद म्हणून तो उत्तम आहे, पण त्यासाठी दहा वर्षे शिकण्याची गरज नाही.

या उत्साहात तिने भीमगडच्या अभयारण्यात जाऊन ओढ्यांतले मासे धरू नयेत, ही सूचना आवर्जून द्यावी. तेथे वन खात्याच्या परवानगीशिवाय कोणताही प्राणी पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि शोधासाठी म्हणून केले तरी सूट मिळत नाही. पुढे कधी नवी जात सापडली, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तिचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेकडे जमा करावा लागतो. या शिस्तीची सवय आतापासूनच लागलेली बरी.

तिला या विषयात पुढे जायचेच असेल, तर आपला तालुका त्या दृष्टीने भाग्याचा आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळते, आणि त्याच तालुक्यातून निघणारी म्हादई गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. खरपा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेला आहे. ही खरोखर एकच जात आहे की दिसायला सारख्या अनेक जाती एकाच नावाखाली आल्या आहेत, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. एकाच तालुक्यातून विरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन नद्यांमधले खरपे शेजारी-शेजारी ठेवून तपासणे, हा एम.एस्सी.च्या प्रबंधाला पुरेल असा विषय आहे, आणि त्यासाठी प्रवाळ बेटांवर जाण्याचा खर्च येत नाही.

तूर्त घरातला वाद मिटवण्यापुरते एवढेच लक्षात घ्यावे की बी.एफ.एस्सी. आणि बी.फार्म. या दोन्हींचे प्रवेश कर्नाटकात एकाच सीईटीतून होतात. तेव्हा आज कोणा एकाचे ऐकून दुसऱ्याला दुखवण्याचे कारण नाही. मुलीने जीवशास्त्र धरून चारही विषयांची तयारी नेटाने करावी. शेतकरी कुटुंबांसाठी मत्स्यविज्ञानासह कृषी शाखेच्या अभ्यासक्रमांत राखीव जागा असतात. त्यासाठी शेतीचा उतारा व लागणारे दाखले आपण आताच तालुका कचेरीतून काढून ठेवावेत, कारण निकालानंतर तेथे रांगा लागतात आणि मुदत हुकते. पसंतीक्रम भरताना मंगळूर सर्वांत वर आणि त्याखाली बी.फार्म.ची महाविद्यालये, असा क्रम ठेवावा. बी.एस्सी.चा प्रवेश स्वतंत्र होतो, त्याचाही अर्ज भरून ठेवावा. खरप्यांच्या मोजणीची वही तयार झाली, तर तिच्या पानांची छायाचित्रे मला अवश्य पाठवावीत.

कळावे, लोभ असावा.